मधली मोकळी जागा

सेलूहून जिंतूरला जाणाऱ्या मोटारीच्या ड्रायव्हरचं नाव मी कधी विचारलं नाही. रेल्वेचं फाटक बंद असलं की पुढच्या कापसाच्या बैलगाडीपासून तो इतका लांब थांबायचा, की मधे आणखी एक गाडी मावावी. "ड्रायव्हरसाब, फुडं घ्या की!" असा मोटारीत गलका व्हायचा, त्यात माझाही आवाज असायचा. तो मिशीवर बोट फिरवत म्हणायचा, "बैलाला मागचं दिसत न्हाई. मला फुडचं दिसायलंय."

एकदा इंजिनाची शिट्टी झाली आणि समोरचे बैल बिचकून मागे सरू लागले. कापसाने लदलेली गाडी थेट आमच्यावर येताना दिसली. ड्रायव्हर जागचा हलला नाही. आम्ही मात्र सगळे मागच्या बाकांवर एकमेकांच्या अंगावर जाऊन पडलो. गाडी मोटारीच्या नाकाशी येऊन थांबली.

तो खाली उतरला. आता गाडीवानाची धडगत नाही, असं मला वाटलं. त्याने बैलांच्या पाठीवरून हात फिरवला आणि हात जोडून उभ्या असलेल्या गाडीवानाला म्हणाला, "ऱ्हाऊ द्या मामा, जनावर हाय, भेणारच."

परत येऊन त्याने मोटार आणखी थोडी मागे घेतली. मग मान वळवून आमच्याकडे पाहिलं.

"बैलं शांत झाले. आता तुमी तरी फुडं सरका."