बिल्ड आणि माझे सोमवार

आमच्या इंग्लंडमधल्या, रीडिंग गावातल्या घरी किस्से रिकाम्या डब्यांसारखे जमतात. कोण कधी ठेवून गेलं ते आठवत नाही, टाकवत मात्र नाहीत. यांच्या ऑफिसातलेच कपाटभर आहेत.

*

हे म्हणजे मिलिंद. यांच्या टीमचं सगळं एका कमांडवर चालायचं. काळ्या स्क्रीनवर ती टाइप केली की प्रोग्रामचे तुकडे ठरल्या क्रमाने तयार होऊन एकत्र बांधले जातात. याला बिल्ड म्हणतात. मी म्हटलं, "पुरणपोळीसारखं. आधी डाळ शिजायला हवी."

"अगदी. आणि डाळ कच्ची राहिली, तर सगळं तिथेच थांबतं आणि सगळे माझ्याकडे बघतात."

"मग सणाच्या दिवशी माझं काय वेगळं होतं?"

*

ती कमांड लिहिली होती शिरीषने. यांच्याच टीममधला, नागपूरचा, गुणी मुलगा. तो साखरपुड्यासाठी घरी गेला आणि इकडे कोणाचंच बिल्ड होईना! त्याने आत स्वतःच्या मशीनवरच्या फोल्डरचा पत्ता घातला होता, आणि ते मशीन इथे बंद करून तो गेला होता. यांनी फोन केला तेव्हा तो पाटावर बसलेला. म्हणाला, "माझ्या मशीनवर तर चालतं." शेजारून होणारे सासरे म्हणाले, "मग मशीन घेऊनच यायचं होतं."

*

संकष्टीला शिरीष आमच्याकडेच जेवायचा. एकदा आभाळ भरलेलं, चंद्र दिसेना, आणि मी पानं वाढेना. त्याने लॅपटॉप उघडला. "वहिनी, चंद्रोदय सक्सेसफुल दाखवतोय. एकही एरर नाही."

मी ढगांनाच अर्घ्य दिलं.

*

मग क्लायंटने अट घातली. त्यांचा माणूस, कॉलिन, कोऱ्या मशीनवर स्वतः कमांड चालवणार. आमच्यापैकी कोणी कीबोर्डला हात लावायचा नाही. बिल्ड झालं तर कामाला वर्षाची मुदतवाढ, नाहीतर सगळे भारतात परत. आमची सई शाळेत नुकती कुठे रमली होती. मी सोळा सोमवार धरले.

हे म्हणाले, "देवाला कशाला यात ओढतेस?"

"मी तुमच्या मशीनला हात लावत नाही, तुम्ही माझ्या सोमवारांना लावू नका."

*

ठरलेल्या दिवशी कॉलिनने कमांड दिली. ओळी सरसर वर गेल्या आणि मध्येच थांबल्या. स्क्रीनवर रोमन अक्षरांत मराठी प्रश्न: चहा झाला का?

बिल्डला वेळ लागतो म्हणून शिरीषने कधीतरी गमतीने घातलेला, काढायचा राहिलेला. 'हो' लिहिलं तरच पुढे, नाहीतर बिल्ड बंद. हे काय विचारतंय, असं कॉलिनने विचारल्यावर यांनी खरं ते सांगून टाकलं.

कॉलिन घड्याळाकडे बघत उठला. किचनमध्ये जाऊन त्याने सगळ्यांसाठी चहा केला, आपला मग शांतपणे संपवला, परत येऊन बसला आणि मराठीत येसला काय म्हणतात ते विचारलं. मग सावकाश दोन अक्षरं दाबली. बिल्ड झालं.

मुदतवाढ देताना त्याने एकच बदल सुचवला. "तो प्रश्न सुरुवातीलाच विचारत जा."