अकरा पुस्तिकांची बांधणी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय, मलाही नीट ठाऊक नाही. तुमची नि माझी ओळख नाही, कदाचित म्हणूनच.

आधी मी कोण ते सांगते. तेवढाच वेळ काढता येईल. जुन्या कागदांची डागडुजी करणं हे माझं काम. पुण्यात शिकले, चौदा वर्षांपूर्वी दुबईत आले, आणि तेव्हापासून जबल अलीच्या एका गोदामात बसते. गोदाम म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे टायर आणि तांदळाची पोती येतात. तीही आहेत, शेजारच्या शेडमध्ये. आमच्या शेडमध्ये श्रीमंतांच्या वस्तू राहतात. चित्रं, गालिचे, जुनी पुस्तकं. बाहेर अठ्ठेचाळीस डिग्री असताना आत मी स्वेटर घालून बसते. खिडकी एकही नाही, कारण उजेडानं कागद खराब होतो. माणसाचं काय होतं ते कुणी मोजलेलं नाही.

सहा वर्षांपूर्वी एक पुस्तक आमच्याकडे आलं. हातात मावेल एवढं, पण जाडजूड, लाकडी फळ्यांवर चामडं चढवलेलं. आत सोळाव्या शतकातल्या एका जर्मन पंडिताच्या अकरा छापील पुस्तिका होत्या. हा ल्यूथरच्या पंथातला धर्मशास्त्री, हिब्रूचा शिक्षक, आणि अतिशय भांडकुदळ. त्या काळी अशा पुस्तिका सुट्याच विकल्या जायच्या. घेणारा त्या साठवून ठेवायचा आणि पुढे कधीतरी एकत्र बांधून घ्यायचा. या अकरा त्याच्या एका विद्यार्थ्यानं साठवल्या होत्या. कुठली पुस्तिका कुठल्या साली हाती आली, याची यादी त्यानं एका कागदावर ठेवली होती, आणि पुस्तक बांधून घेताना तो कागद पुढच्या फळीला आतून चिकटवला होता. साधी यादी, अकरा ओळींची. प्रत्येक ओळीची शाई वेगळी.

पुस्तकाच्या मालकांना अबू धाबीच्या घरात वाचनाची खोली सजवायची होती. त्यांचे मॅनेजर गोदामात आले, पुस्तक उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, इतनी बडी दीवार और एक ही किताब? कुछ सोचो ना. यल्ला, जल्दी!"

इथं मी थांबते जरा. कारण गेली सहा वर्षं मी स्वतःला सांगत आलेय की मालकांनी पुस्तक उसवून सुटं करायला सांगितलं. हुकूम होता, मी काय करणार? — पण हुकूम नव्हता. त्यांनी फक्त विचारलं होतं. 'अकरा वेगवेगळ्या फ्रेम करता येतील' हे मी म्हणाले. मला शाबासकी हवी होती. त्या वर्षी नवऱ्याची नोकरी गेली होती, घरातल्या सगळ्यांचा व्हिसा माझ्या नोकरीवर होता, आणि मी कामाची आहे हे कुणाला तरी दाखवायची मला घाई झाली होती. मॅनेजर खूश झाले. "वाह! खलास, डन!" म्हणाले.

मी शिवण कापली. चारशेहून जास्त वर्षं टिकलेला दोरा, साध्या ब्लेडनं, एका सकाळीत. फळ्या किडीनं पोखरल्या होत्या. यादीचा कागद तेवढा वेगळा काढून ठेवावा, एवढी अक्कल मला होती. तो कागद सोडवायचा तर चार दिवस लागतात, रोज थोडी थोडी ओल देत. मी तो अर्ध्या तासात सोडवायला गेले. कीड कागदातही होती. माझ्या हातात त्याचा भुगा आला.

भुगा म्हणजे भुगा. त्यातून एक अक्षर जुळेना. मी तो फळ्यांसकट काळ्या पिशवीत भरला, पिशवी कचऱ्यात टाकली, आणि अहवालात लिहिलं — 'पुस्तिका सुट्या अवस्थेत मिळाल्या.'

एक वाक्य. सही केली, खाली तारीख घातली. मॅनेजर अहवाल उघडूनही पाहत नसत, आणि आमच्या धंद्यात अशा वाक्यावर कुणी शंका घेत नाही, म्हणून तर ते लिहायचं धाडस झालं.

एवढंच असतं तर मी हे तुम्हाला सांगत बसले असते का? कदाचित नाही. हात चुकतो, माणूस झाकतो, दिवस जातात. पण मग साळवे सर आले.

सर नगरचे. मिशनच्या शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले, पंचाहत्तरीच्या आसपास, अंगानं किरकोळ आणि आवाजानं खणखणीत. त्यांची मुलगी अबू धाबीत, अल रीम आयलंडवर राहते. तिच्याकडे ते हिवाळ्यात येतात. या जर्मन पंडितासाठी सर चाळिशीत जर्मन शिकले, त्याच्या पुस्तिकांपुरतं लॅटिनही शिकले, आणि तीस वर्षं त्याच्यावर मराठीत एक ग्रंथ लिहीत होते. बोलायचे तर असे, की तो त्यांच्या गल्लीत दोन घरं सोडून राहत असावा. 'गुरुजी' म्हणायचे त्याला. "गुरुजींचं डोकं म्हणजे तापलेला तवा हो, पण अभ्यास पाहावा तर त्यांचाच!"

पुस्तिका आमच्याकडे आहेत हे त्यांनी कसं शोधलं, तो एक वेगळाच ग्रंथ होईल. कुठल्यातरी जुन्या लिलावाच्या माहितीपत्रकात त्यांना दोन ओळी सापडल्या होत्या : 'अकरा पुस्तिका, मूळ बांधणी, आत विद्यार्थ्याच्या हातची सालवार यादी.' त्या दोन ओळींचा माग काढत ते मालकांच्या नव्या मॅनेजरपर्यंत पोचले. बांधलेलं पुस्तक पाहिलेले जुने मॅनेजर तोवर नोकरी सोडून गेले होते. फ्रेम तेव्हा तपासणीसाठी गोदामात आल्या होत्या. एका मंगळवारी सकाळी सर लेकीच्या गाडीतून जबल अलीला उतरले, कानटोपी घालून. आमच्या एसीची चौकशी त्यांनी आधीच करून ठेवली होती.

त्यांना काय हवं होतं ते नीट सांगते, कारण सगळं त्यावरच आहे. अकरांपैकी एका पुस्तिकेवर साल छापलेलं नाही. छळाच्या भीतीनं ज्यांनी आपली श्रद्धा नाकारली, अशा लोकांना पुन्हा पदरात घ्यावं का, असा तिचा विषय. आणि त्या तापट माणसानं तिथं लिहिलंय : घ्यावं, काही न विचारता घ्यावं. बाकीच्या दहांत इतकी माया कुठंच नाही. अभ्यासकांचं म्हणणं, ही तरुणपणी लिहिलेली असणार. पुढे माणूस कडक होत गेला आणि तसाच मेला. सरांचं म्हणणं उलटं. ही शेवटची आहे. म्हातारपणी तो मऊ झाला. पुरावा एकच, त्या विद्यार्थ्याची यादी. ती पुस्तिका यादीत कितवी, पुढे साल कुठलं, एवढं दिसलं की झालं.

"मेघना, बाळ, एक सांगू का?" सर मला म्हणाले होते. आम्ही चहा पीत होतो. "माझे वडील चर्चचे पाळक होते. माझ्या थोरल्या बहिणीनं मनासारखं लग्न केलं, तर त्यांनी तिला शेवटपर्यंत उंबऱ्यावर येऊ दिलं नाही. मरताना त्यांना काय वाटलं असेल, ते मला आता कधी कळायचं नाही. म्हणून मी गुरुजींच्या मागे लागलोय. असा माणूस मऊ होऊ शकतो, एवढं मला एकदा कागदावर पाहायचंय."

मग त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, यादी कुठंय?

मी म्हणाले, "सर, पुस्तिका सुट्याच आल्या. बांधणी नव्हतीच. माहितीपत्रकात चूक असणार, असं पुष्कळदा होतं."

जीभ अडखळली नाही. उलट मी दोन उदाहरणंही दिली, जुन्या लिलाववाल्यांच्या चुकांची. अहवाल काढून दाखवला. माझ्याच सहीचा! सरांनी तो दोनदा वाचला. त्यांचा चेहरा पाहून मी नजर दुसरीकडे वळवली आणि बिस्किटांची बशी पुढे केली.

तेव्हा माझी काय अडचण होती? नवऱ्याला नोकरी लागून वर्ष झालं होतं. लेकीची शाळा ठीक चालली होती. खरं बोलले असते तर बोलणी बसली असती, फार तर हे काम हातातून गेलं असतं. उपाशी कुणी मरत नव्हतं. मग का? लाज वाटली. एवढंच. समोरचा म्हातारा मला 'तज्ज्ञ' म्हणत होता आणि ते ऐकायला मला बरं वाटत होतं.

आता खरं ते सांगते. एवढा वेळ कडेकडेनं फिरत होते.

काम सुरू करण्याआधी वस्तूचे फोटो काढायचे, हा आमचा नियम. मी काढले होते. चौदा फोटो. सर ज्या खुर्चीत बसले होते तिच्यापासून चार पावलांवर, माझ्या कॉम्प्युटरमध्ये, ते फोटो होते. तीन दिवसांनी सरांचा मेसेज आला : 'बाळ, त्रास देतो. वस्तू आली तेव्हाचा एखादा फोटो असेल का कुठे? मनाची खात्री म्हणून.'

मी फोल्डर उघडलं. यादीचा फोटो मोठा करून पाहिला. आधी तो कधी वाचला नव्हता, कोण वाचतंय? पण पुस्तिकांची नावं आणि आकडे कळण्याइतकं लॅटिन मला येतं. शेवटची ओळ, अकरावी, फिकट शाईतली. तीच पुस्तिका. साल दहावीच्याही पुढचं, आणि शेजारी विद्यार्थ्याचे दोन शब्द : आजारपणात लिहिलेली.

सर बरोबर होते. तीस वर्षं बरोबर होते. तो माणूस मऊ झाला होता.

तुम्हाला वाटेल, हे वाचून माझा हात थांबला असेल. नाही थांबला. मी चौदाही फोटो पुसले. बॅकअपमध्ये गेले, तिथले पुसले. मग सरांना उत्तर लिहिलं : 'सॉरी सर, काहीच नाही.' आणि हात जोडल्याचं चिन्ह टाकलं.

त्या दिवसापासून मी या गोष्टीत कोंडली गेलेय. आधी निदान पुरावा होता. मन झालं असतं तर दार उघडता आलं असतं. ते मीच आतून बंद केलं. आता खरं बोलले तरी दाखवणार काय? सरांसारखा अभ्यासक माझ्या तोंडी शब्दावर ओळ लिहिणार नाही, आणि मी लिहू नका म्हटलं तरी त्यांना कळेल की आपण बरोबर होतो आणि ते आता कधीच सिद्ध होणार नाही. यातलं जास्त वाईट काय? असा हिशेब मी रोज शेख झायेद रोडवर करत येते-जाते. खरं तर तो हिशेबही नाही, न सांगण्याचं निमित्त आहे.

गेल्या हिवाळ्यात सरांचा ग्रंथ छापून झाला. लेकीनं अबू धाबीत एक छोटा हॉल घेऊन कार्यक्रम केला, पन्नासेक माणसं, सगळी आपलीच. मला आग्रहानं बोलावलं. शनिवारी दुपारी आम्ही तिघं गेलो. सर बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, "एका प्रकरणात मी तीस वर्षं चुकत होतो, एका लिलावाच्या दोन ओळींवर भाबडेपणानं विसंबून होतो. या मुलीनं अहवाल दाखवून मला त्या चुकीतून वाचवलं. गुरुजी कडक होते आणि कडकच गेले, असं मी आता लिहिलंय. हे लिहायला मला जड गेलं, पण खरं ते खरं."

टाळ्या वाजल्या. मला पुढे बोलावलं. सरांच्या मुलीनं शाल घातली, सरांनी नारळ दिला. शाल नीट बसावी म्हणून मी मान वाकवली. माइकवर दोन शब्द बोलले : सरांचा प्रामाणिकपणा आम्हा सगळ्यांना शिकण्यासारखा आहे. हे मी बोलले, याच तोंडानं. खाली आले तेव्हा माझी लेक कानात म्हणाली, "आई, ही इज सो क्यूट. अँड यू वेअर सो गुड."

निघताना सरांनी मला बाजूला घेतलं. हातात प्लास्टिकची फाइल होती. "हे ते जुनं प्रकरण. ग्रंथातून काढलं, पण रद्दीत टाकायला हात होईना. तू कागदातली माणूस, तूच याचं काय ते कर." मग म्हणाले, "वडिलांचा विचार करणंही मी आता सोडलंय, बाळ. बरं झालं एका परीनं."

मी फाइल घेतली. "हो सर," म्हणाले.

सर नगरला परत गेलेत. तब्येत उत्तम आहे. दर रविवारी सकाळी त्यांचा फोन येतो, मी उचलते, ते माझं आणि लेकीचं विचारतात, मी 'मजेत आहोत' म्हणते. या रविवारीही मी तेच म्हणाले.

फाइल गोदामातल्या माझ्या कपाटात आहे, खालच्या खणात. सरांच्या वळणदार अक्षरातली चाळीस पानं. मी ती तीनदा वाचली आहेत. त्यात एकही वाक्य चुकीचं नाही.