टिंबांची रेघ

तुर्भ्याच्या कंपनीत मी ड्राफ्ट्समन होतो. तिकडे तेव्हा फोन मोजकेच. धंद्यात कोण कोणाशी कसं बोलतं, याचा तक्ता साहेबांनी काढायला सांगितला. गोदामं आणि दलालांचे चौकोन केले. फोनला सरळ रेघ, चिठ्ठीला टिंबं.

चिठ्ठ्या पोचवणारा गावातला म्हातारा रोज तक्त्यावर वाकायचा. नाव विचारायचं मला कधी सुचलं नाही. "ही टिंबं म्हंजे मीच हाय ना?" म्हणत तो त्यांच्यावरून बोट चालवायचा.

एक दिवस त्यानेच साहेबांची चिठ्ठी आणली. 'सगळीकडे फोन बसले. टिंबं काढून टाका. म्हाताऱ्याला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगा.'

त्याला वाचता येत नव्हतं. "काय लिवलाय, सायेब?"

"किरकोळ दुरुस्ती आहे," मी म्हणालो आणि शाई खरवडायला ब्लेड घेतलं.

कागद सरकू नये म्हणून त्याने दोन्ही हातांनी कडा दाबून धरल्या.