मैनाबाईचा उपवासकाळ

राफेल पाटोळे गेला तो राखबुधवारच्या आदल्या सोमवारी. पनवेलला बैलगाड्यांच्या कारखान्यात तो चाकं घडवायचा. चाकाला लोखंडी धाव बसवताना गंजका खिळा पायात शिरला. त्यानं चिंधी बांधून काम चालूच ठेवलं. पुढच्या आठवड्यात दातखीळ बसली. त्याची बायको मैना दवाखान्यात आया होती. धनुर्वाताची माणसं तिनं पाहिली होती. तिच्या मांडीवरच त्यानं प्राण सोडला.

नगरकडून पोटामागे आलेलं हे ख्रिस्ती कुटुंब. पनवेलात अशी चार-दोनच घरं. मुंबईहून फादर अधूनमधून एस.टी.नं यायचे आणि कुणाच्या तरी ओटीवर मिस्साची प्रार्थना व्हायची. त्या बुधवारी ते ‘तू माती आहेस’ म्हणत कपाळाला राख लावायला मैनासमोर आले, तसा तिनं पदर पुढे ओढून घेतला.

"मला नको, फादर. माणूस माती आहे, हे मला परवाच कळलंय."

 फादर पुढच्या माणसाकडे सरकले.

राखबुधवारपासून ईस्टरपर्यंतच्या उपवासकाळात मैना दरवर्षी एकवेळ जेवायची, सांजेला गुडघे टेकायची. यंदा तिनं दोन्ही सोडलं.  खरा जाच घरातच होता. राफेलच्या आईला विसर पडायचा. दिवेलागण झाली की म्हातारी दाराकडे बघत विचारायची, "राफा आला नाही गं अजून?"

पहिले काही दिवस मैनानं खरं सांगितलं. "आत्याबाई, ते गेले. आपण माती दिली त्यांना." म्हातारी ते नव्यानं ऐकायची, ऊर बडवून घ्यायची आणि दुसऱ्या सांजेला पुन्हा विचारायची. तिचं पोर रोज मरत होतं. शेवटी मैना खोटं बोलू लागली. "गाडी पोचवायला उरणला गेलेत. येतील." मग म्हातारी निमूट पेज प्यायची, आणि मैना मोरीत भांडी घासताना देवाला म्हणायची, हिला विसर दिलास, मग मला का नाही?

मैना कामावर असली की शेजारची हौसा मिठागरावरून आल्यावर म्हातारीपाशी बसायची. एकदा ती म्हणाली, "मैना, तू रडत कशी नाय गं? मना तुजा भ्या वाटतंय."

"रडायला सवड कुठं आहे, हौसा?"

गुड फ्रायडेच्या दुपारी ख्रिस्ती घरं प्रार्थनेला जमली. मैना गेली नाही. ती ओल्या फडक्यानं सासूचं अंग पुसत होती. म्हातारीचा हात तिच्या मनगटावर पडला आणि तिथंच थांबला.

"पोरी, बांगड्या कुठं गेल्या तुझ्या?"

मैनाच्या ओठांवर उरणच्या गाडीची थाप आली, पण तिनं फडकं खाली ठेवलं. म्हातारीनं तिच्याकडे नीट पाहिलं. किती दिवसांनी ती नजर जागेवर होती.

"गेला ना माझा राफा? आणि तू एकटीच सोसत बसलीस? रडलीस तरी का गं?"

तिनं मैनाचं डोकं मांडीवर ओढून घेतलं. मैनानं हंबरडा फोडला. हौसा धावत आली आणि दारातच थबकली. म्हातारी सुनेच्या केसांतून हात फिरवत राहिली. देव राफेलच्या शवपेटीबरोबरच मातीत गेला असं मैनानं धरलं होतं. त्या मांडीवर मात्र तिला जाणवलं, की या खोलीत आपण तिघीच नाही. कसं, ते तिला पुढं कधी सांगता आलं नाही.

दिवे लागले तोवर म्हातारी सगळं विसरली होती. तिनं पुन्हा विचारलं. मैनानं आधी तिचा हात धरला आणि मग खरं सांगितलं. दोघी रडल्या.

ईस्टर आला नि गेला. घरात काही बदललं नाही. आषाढात म्हातारीही गेली. मैना दवाखान्यात काम करत राहिली. वॉर्डात कुणी दगावलं, की ती त्यांच्या माणसांशेजारी फरशीवर जाऊन बसायची.

"काय सांगता हो त्यांना?" फादरांनी एकदा विचारलं.

"काही नाही, फादर. उठून जावंसं वाटतं, तरी बसते."