पाचव्या चाकावरचं ग्रीस

ट्रेलर चालवायला लागलो तेव्हा माझी एक पक्की समजूत होती, की जितकं जास्त ग्रीस तितकी गाडी सुरक्षित. कुणी शिकवलं नव्हतं. आमच्याकडे, सांगलीच्याही पुढं, वडील बैलगाडीच्या आसाला वंगण घालायचे ते असंच, हात आखडता न घेता. सातवीत शाळा सोडली. डोळ्यांनी जे पाहिलं होतं तेवढंच शिक्षण बरोबर घेऊन मी इतक्या लांब, गोंदियाच्या एका राईस मिलच्या गाडीवर आलो.

ट्रेलर म्हणजे खरं तर दोन गाड्या. पुढं घोडा, ज्यात इंजिन आणि मी. मागं तांदळाच्या पोत्यांची लांब ट्रॉली. घोड्याच्या पाठीवर एक जाड लोखंडी तवा असतो, मागून खाच असलेला. त्याला सगळे पाचवं चाक म्हणतात. ट्रॉलीच्या पोटाखालची मनगटाएवढी पिन त्या खाचेत शिरते आणि आतला जबडा तिला धरतो. एवढी मोठी ट्रॉली ओढायची ती त्या एका पिनेवर. रस्त्यात सुटली तर? मागं सायकलवर शाळेची पोरं असतात. या विचारानं मी चहाला थांबलो की आधी जबडा बंद करणारी बाजूची लिव्हर हातानं दाबून बघायचो, आणि रोज सकाळी तव्यावर, जबड्यात, जिथं बोट पोचेल तिथं ग्रीस भरायचो.

एका सकाळी आमगावला न्यायची भरलेली ट्रॉली जोडली, तर लिव्हर पूर्ण आत जाईना. दोन बोटं बाहेरच. मी हातोडा काढला.

मिलच्या फाटकासमोर एका मिस्त्रीची टपरी होती. माणूस साठीचा, जवळच्याच कामठ्याचा, घरची धानाची शेती. बांधावरचं पाणी बघूनच कामावर यायचा, त्यामुळं पायाला चिखल असायचा. आवाज ऐकून तो आला.

"कायले ठोकून राहिला जी?"

"लिव्हर बसत नाही, काका. कालच ग्रीस लावलंय."

"परवा?"

"परवापण."

"रोज? काऊन?"

खोटं बोलायचं सुचलं नाही. "भ्या वाटतं," म्हणालो.

"मंग भीतीले लाव ना ग्रीस. लोखंडाले कायले लावतं?" म्हणत त्यानं हातोडा माझ्या हातातून काढून घेतला. "गाडी हालवू नको."

ट्रॉली टेकवायचे लोखंडी पाय खाली सोडले, पिन मोकळी केली, घोडा पुढं घेतला. मिस्त्रीनं पत्र्याची पट्टी जबड्यात घातली आणि एक ढेकूळ उपसून माझ्या तळहातावर ठेवलं. मी ते नखानं फोडलं. आत थर होते. काळा, मग पिवळट, मग पुन्हा काळा. पिवळ्यात धानाचा भुसा. मिलच्या अंगणात तो दिवसभर उडतो, कपात पडतो, कानात जातो. पण ग्रीसवर बसून राहतो हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. रोज मी त्याच्यावर नवा थर देत होतो. जबडा मिटायला जागाच उरली नव्हती. ज्याला भीत होतो ते मीच, बोटाबोटानं, तयार करत होतो.

"याच्यानं घर बांधता येते," मिस्त्री म्हणाला.

तासभर आम्ही खरवडलं, डिझेलच्या चिंधीनं पुसलं. खालचं लोखंड उघडं पडलं तसं मला सगळंच बघावंसं वाटू लागलं. ट्रॉलीच्या पोटाखाली तव्यावर घासून चकाकत्या कमानी उमटल्या होत्या, प्रत्येक वळणाची एक. डावीकडची सगळ्यात खोल.

"ही आपल्या फाटकाच्या वळणाची का, काका?"

"असन."

"आणि तवा तर फिरत नाही, फिरते ट्रॉली. मग याला चाक का म्हणतात?"

"मले का माईत? मी का नाव ठेवलो?" मग हात थांबवून तोही तव्याकडं बघत राहिला. "पण फिरत नाही, हे खरं आहे."

नवं ग्रीस त्यानं चपातीला तेल लावावं तेवढंच लावलं. मला ते फारच कमी वाटलं, पण डब्यात बोट घातलं नाही. घोडा हळूहळू मागं घेतला. खट्ट झालं. लिव्हर आत गेली.

"बसली का, काका?"

"मले काऊन विचारतं? टॉर्च घे, खाली जा."

मोबाईलचा टॉर्च लावून मी मागून, खालून आत पाहिलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच.

"काय दिसते?"

"जबडा पिनेच्या मागं मिटलाय."

"पुरा?"

पुन्हा पाहिलं. "पुरा."

"तव्याच्या अन् ट्रॉलीच्या मंधात फट?"

"नाही."

"आता ट्रॉलीचे ब्रेक लावून पुढं वढ."

मी ओढलं. घोडा कण्हला, जागचा हलला नाही. ट्रॉलीचे पाय वर घेऊन मिस्त्री खिडकीशी आला. "मी पाह्यलो असतो त तू आमगावपर्यंत तीनदा उतरला असता. आता तू पाह्यला. जा."

आभार मानायचे राहूनच गेले. फाटकाबाहेर वळण घेताना हॉर्न दिला. तो उकिडवा बसून हात धूत होता, वर बघितलं नाही. आमगावला माल उतरेपर्यंत मी केबिनमधून खाली पाय ठेवला नाही.