कोबाल्ट कमी पडलेली माणसं

माणसाचं प्रत्येक दुःख कुठल्या ना कुठल्या क्षाराच्या कमतरतेतून येतं आणि उरलेली दुःखं लोक उगाच करतात, असं ठाम मानणारा एकच माणूस मला भेटला. तो म्हणजे महाळुंगे पडवळमधला माझा घरमालक. सगळं गाव त्यांना बाबा म्हणायचं, म्हणून मीही म्हणू लागले. त्यांच्या घरात एके काळी मेंढ्यांचा मोठा कळप होता. आता चारच उरल्या होत्या, आणि चारांवर भागेना म्हणून बाबा माणसं तपासायचे. वीजबिल वाटायला आलेल्याला ते आधी उजेडात उभं करत, मेंढीची ओढावी तशी त्याची खालची पापणी अंगठ्यानं ओढत आणि आतला रंग बघून निकाल देत. पांढरट दिसली तर लोह कमी. शेजारीण भिंतीची माती खाते, म्हणजे चुना कमी. सरपंच निवडणूक आली की पक्ष बदलतो, म्हणजे जस्त कमी. ही सगळी विद्या त्यांनी चाटणविटेच्या वेष्टनावरून मिळवली होती. मेंढ्यांना चाटायला छपरीत टांगतात ती खारट, तांबूस वीट. तिच्यातून त्यांना लागणारे क्षार मिळतात.

मी जवळच्या इंग्रजी शाळेत विज्ञान शिकवते. कशाच्या कमतरतेनं काय होतं याचा तक्ता मला पाठ आहे, त्यामुळे बाबांचं निम्मं चुकतं हे मला कळायचं. पण मी बोलायचे नाही. मी एकूणच बोलत नाही. शाळेतून यायचं, दार लावायचं, मोबाइल समोर ठेवून मॅगी खायची, असा माझा दिवस. एकदा त्यांनी मला जिन्याखाली थांबवलं. बाईमाणसाला हात कसा लावायचा म्हणून ते अदबीनं चार पावलं मागे सरले आणि पापणी माझी मलाच ओढायला लावली.

“रगत कमी हाय, पन त्ये नाचणीनं भरंल,” ते म्हणाले. “मॅडम, तुमच्यात कोबाल्ट कमी हाय.”

तक्त्यात असं काही नव्हतं. मी तसं म्हणाले.

“कळपापास्नं लांब हुबी ऱ्हाती ना मेंढी, मान खाली घालून? तिला कोबाल्ट कमी.”

खोलीत जाऊन मी शोधलं. मेंढ्या कोबाल्टवाचून खरंच झुरतात. माणसांबद्दल तसं कुणी लिहिलं नव्हतं.

आणि मग या क्षारांच्या भक्ताला डॉक्टरांनी मीठ बंद केलं. रक्तदाब फार वाढला होता. पुण्यात राहणाऱ्या त्यांच्या मुलानं बजावलं की आता तो उतरला नाही, तर मेंढ्या विकायच्या आणि बाबांनी कायमचं पुण्याला यायचं. दर रविवारी तो मला फोन करून विचारायचा, बाबा मीठ खात नाहीत ना? मीठ ते खात नव्हते, पण जेवतही नव्हते. एकट्यानं अळणी गिळत नाही, म्हणायचे. तरी तब्येत मात्र टुणटुणीत. एका सकाळी जिन्यावरून माझं छपरीकडे लक्ष गेलं. वीट अशा उंचीवर टांगली होती की मेंढीनं उडी मारली तरी तोंड पोचू नये. तिच्या मधोमध गुळगुळीत खळगा पडला होता.

बाबा जराही ओशाळले नाहीत. “डॉक्टरनं मीठ बंद केलंय. वीट न्हाई.”

मी कधी नव्हे ते बोलले. म्हटलं, वीट सोडा, मी रोज तुमच्याबरोबर अळणी जेवते. त्यांनी बराच विचार केला आणि उलट अट घातली, मॅगी सोडायची. तेव्हापासून संध्याकाळी ओट्यावर आमची पंगत बसू लागली. नाचणीची भाकरी, मिठावाचूनची भाजी, वर लिंबू. चव भयंकर असायची. बाबा मेलेल्या मेंढ्यांचे स्वभाव सांगायचे आणि मी हसायचे, मोठ्यानं. हळूहळू रक्तदाब उतरू लागला.

वीट मात्र त्यांनी खाली घेतली नाही. लांबून बघितली तरी घास उतरतो, म्हणायचे.

आणि एका रविवारी फोनऐवजी मुलगाच आला. तोही मेंढपाळाचाच पोरगा. त्यानं एकदा विटेतल्या खळग्याकडे पाहिलं, एकदा खालच्या मेंढ्यांकडे.

“त्यांनी सोडलंय,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच जेमतेम ऐकू आला.

“ताई, तुम्ही साध्या आहात,” तो म्हणाला. “आईच्या वेळी मला उशीर झाला. ह्या वेळी न्हाई व्हायचा.”

त्याच्यावर रागावताही येईना. मेंढ्या एका नातेवाइकाकडे गेल्या. बाबा गाडीत बसले. जाताना नाचणीची पिशवी जिन्यावर ठेवून गेले.

पुण्यात त्यांची तब्येत चांगली आहे. अळणी ताट वेगळं वाढतात, बाकीचे आपापल्या खोलीत जेवतात, त्यामुळे पापणी ओढायला कुणी सापडत नाही, अशी त्यांची तक्रार. परवा त्यांनी माझ्या पापणीचा फोटो मागवला. मी आरशासमोर उभी राहून तो काढला आणि पाठवला. खूप वेळानं त्यांचा आवाजी निरोप आला.

“रगत बरं हाय.” मग नुसताच टीव्हीचा आवाज, आणि मग, “मला मातुर कोबाल्ट कमी पडाय लागलाय, पोरी.”

माझी भाजी गॅसवर होत आली होती. मी मिठाचा डबा होता तिथेच ठेवला, फोन ताटासमोर उभा केला आणि निरोप पुन्हा लावून जेवायला बसले.