विझलेल्या कंदिलावरची फुंकर

आजपर्यंत हे माझ्या तोंडून निघालेलं नाही. नवऱ्यापाशी नाही, आईपाशी नाही. देवापुढे हात जोडतानाही मी नेमकं एवढंच गाळत आले — जसं काही त्याला ते ठाऊकच नाही. परवा माझ्या भासऱ्यांची, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाची, तेरवी झाली. पंगती उठल्या, पाहुणे गेले, मी मोरीत भांडी घासत बसले होते, आणि एकाएकी माझे हात थांबले. आता मला विचारणारं कोणी उरलेलं नाही, हे तेव्हा ध्यानात आलं. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं ना? मी घासलेलंच ताट पुन्हा घासायला घेतलं.

तुम्ही पेव पाहिलं आहे का? अकोल्यात वाढलेल्या माझ्या मुलांनी पाहिलेलं नाही. पेव म्हणजे जमिनीच्या पोटातलं धान्याचं कोठार. वर एक माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, आणि खाली रांजणासारखं फुगत गेलेलं पोट. माझं सासर पूर्णेच्या काठी, दर्यापूरकडे. आमच्या अंगणातल्या पेवात घरची ज्वारी असायची. मी नवी सून होते, त्या वर्षी भादव्यात नदी चढली. पाणी गल्लीतून अंगणात आलं आणि अंगणातून पेवात उतरलं.

मग सुरू झालं उपसणं. दोराला बादल्या बांधून घरची माणसं दिवसचे दिवस पाणी काढत होती. पाणी संपलं तेव्हा खाली कुजलेली ज्वारी लागली. त्या आंबूस वासानं माझं जेवण सुटलं होतं. पण वास हे काही पेवाचं खरं भय नव्हे. पेवात हवा मरते. वरून काही दिसत नाही, माणूस सहज उतरतो आणि तिथेच गुदमरून पडतो. म्हणून उतरण्याआधी पेटता कंदील दोरानं तळापर्यंत सोडायचा. तो जळत राहिला तर माणूस उतरणार. विझला तर त्या दिवशी काम बंद.

आणि हा कंदील घरच्या सुनेनं सोडायचा, अशी आमच्या सासरी रीत. पेवात लक्ष्मी असते ना! माझी जाऊ लग्नानंतर वर्षा-दोन वर्षांत वारलेली, म्हणून सून म्हणून उरले मी. सासरे नव्हते, आणि नवरा नोकरीसाठी अकोल्यात असायचा. आता यातली गोम बघा. सून भासऱ्यांसमोर तोंड दाखवत नाही आणि भासरे तिच्या जवळपास येत नाहीत. मी पदर ओढून पेवाच्या तोंडाशी गेले की भासरे आणि त्यांच्याबरोबरचे गडी गोठ्याकडे सरकायचे, पाठ करून उभे राहायचे. खाली काय दिसलं ते मी सासूबाईंना सांगायचं आणि सासूबाईंनी ओरडून त्यांना. सासूबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू. म्हणजे त्या पेवात डोकावणारे डोळे सगळ्या घरात फक्त माझे होते.

कुजकी ज्वारी काढायच्या वेळी मी पहिल्यांदा कंदील सोडला. तो विझला. मी सांगितलं, काम थांबलं. पुरुष दिवसभर बसून राहिले, लिंबाच्या फांद्या दोराला बांधून खालीवर करत हवा ढवळत राहिले. संध्याकाळी सासूबाईंनी कंदील हलवून पाहिला, तर आत घासलेटच नव्हतं. मी भरायलाच विसरले होते. मग काय हसले सगळे! गडी हसले, शेजारच्या बायका हसल्या. माझा धाकटा दीर वसंता तर पुढं रोज माझ्या मागं लागला. वसंता माझ्याच वयाचा, त्याच्याशी माझी थट्टा चालायची. पण त्या हसण्याचा राग माझ्या डोक्यात बसला. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीचा? हो, एवढ्याशाच.

चिखल निघाला तरी पेव ओलं होतं. भिंतींना हात लावला तर हात भिजायचा. भासऱ्यांनी कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या आणि गोवऱ्या आत टाकून पेटवल्या आणि शेक मुरावा म्हणून वर फळी ठेवली. दुसऱ्या दिवशी फळी काढली, धूर जाऊ दिला. सासूबाई म्हणाल्या, "आज राहू दे, उद्या पाह्यजो." भासरे म्हणाले, "कापूस वेचणीले आला माय. आजच सारवून घेऊ." सासूबाई तोंडातल्या तोंडात काही पुटपुटल्या आणि त्यांनी मला हाक मारली.

मी कंदील भरला. काठोकाठ भरला, सासूबाईंना हलवून ऐकवला. वसंता लिंबाखाली सारवणाचं शेण-माती तुडवत होता. तिथूनच म्हणाला, "वैनी, आज तरी टाकलं का घासलेट? का आजही आमाले बसून ठेवतं?" गडी हसले. भासऱ्यांनी पाठ केली. मी पेवाशी वाकले आणि दोर सोडत गेले.

इथवर माझं किती वेळा मनात सांगून झालं आहे. पुढे आलं की मी दुसरंच काही आठवते — दोर हाताला काचत होता, पदराला धुराचा वास येत होता. पण आज पुढे जाते.

कंदील विझला. तळाला लागायच्या आधीच. ज्योत आखडली, निळी झाली आणि गेली. वारा नव्हता, दोराला हिसका नव्हता. मी तो वर ओढला. हातात घेऊन हलवला — आत घासलेट डुचमळत होतं. म्हणजे मला कळलं नव्हतं, असं मी म्हणू शकत नाही. मला कळलं होतं.

काडीपेटी चुलीवरच्या कोनाड्यात होती. ती आणायची तर साऱ्या अंगणातून, त्या सगळ्यांच्या देखत, विझलेला कंदील हातात घेऊन जावं लागलं असतं. वसंता पुन्हा काहीतरी बोलला असता. ते पुन्हा हसले असते.

"जळते का वं पोरी?" सासूबाईंनी विचारलं.

मी "हो" म्हटलं. सासूबाईंनी गोठ्याकडे तोंड करून हाक दिली, "जळून राहिला म्हणते, उतरा!" आणि मग मी जे केलं, ते आठवलं की आजही माझा माझ्यावर विश्वास बसत नाही. पुरुष वळून येऊ लागले होते. कंदील विझलेला दिसू नये म्हणून मी काच वर केली, वातीवर फुंकर मारली — आत्ताच मी तो विझवत आहे, असं दिसावं म्हणून. कोणी शिकवलं होतं मला हे? त्या एका पळात एवढी हुशारी आली कुठून?

वसंता सारवणाची पाटी घेऊन उतरला. उतरताना माझ्याकडे बघून हसला. त्याला मी थांबवू शकत होते. तोंड उघडायचं होतं फक्त. मी मनात म्हटलं, कालपरवा याच पेवात सगळे उतरले होते, काय होतंय. पाटी पडल्याचा आवाज आला. भासऱ्यांनी दोनदा हाक मारली. मग तोंडाला ओलं धोतर बांधून, कमरेला दोर लावून ते स्वतः खाली गेले आणि त्याला वर घेऊन आले. भासऱ्यांच्याच तोंडून फेस येत होता. वसंताच्या तोंडून काहीच येत नव्हतं. त्याच्या हातावर शेण-माती ओली होती, ती मी पाहत राहिले. रडायचं मला सुचलंच नाही.

लोक म्हणाले, कंदील जळत होता तरी पोरगा गेला, म्हणजे ती आगच बाधली, शेक निवायच्या आधी घाईनं उतरवलं. माझ्या एका "हो"वरून सगळा हिशोब त्यांनी असा लावला. सासूबाई भासऱ्यांना म्हणाल्या, "घाई तुले होती. माहा वसंता तुया घाईनं गेला." तेवढंच. त्यानंतर त्या मरेपर्यंत स्वतःच्या थोरल्या मुलाशी बोलल्या नाहीत. दोघं एका घरात, एका चुलीवरचं जेवत होते. त्यांचं बोलणं माझ्यातून जायचं. सासूबाई मला सांगायच्या, आणि मी पदर ओढून भिंतीकडे बघत म्हणायची, "ताट वाढलंय म्हणतात." भासरे उठायचे, खाली मान घालून जेवायचे. पेव त्यांनी स्वतः मातीनं बुजवलं. थंडीत सगळे शेकोटीशी बसले की ते उठून गोठ्यात जायचे. दुसरं लग्न केलं नाही. आणि आल्यागेल्याला सासूबाई सांगायच्या, "माया सुनेनं तर बरोबर पाह्यलं होतं बिचारीनं." मी चहा ठेवायला आत जायची.

एक वाक्य पुरलं असतं. रोज दोन ताटं वाढताना ते वाक्य माझ्या जिभेवर होतं का? खरं सांगते — नव्हतं. सुरुवातीला होतं. मग मला सवय झाली. माणसाला याची सवय होते, याचाच मला सगळ्यात मोठा धक्का बसतो.

सासूबाई गेल्या. आम्ही नवऱ्याच्या नोकरीमुळे अकोल्यात राहायला आलो. यंदा भासरे आजारी पडले तेव्हा त्यांना इथंच आणलं. दवाखान्यानं घरी न्या म्हटलं. त्यांना पुढच्या खोलीत खाट घातली होती. एका दुपारी नवरा औषधाला गेला होता, मी पाणी पाजायला गेले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते थेट माझ्याशी बोलले.

"बाई, एक इचारतो. राग मानू नको. त्या दिवशी कंदील जळत होता ना?"

डोळे खोल गेलेले, पण माझ्यावर रोखलेले. त्यांना संशय होता? की आयुष्यभर त्यांनी याच एका शब्दाची वाट पाहिली होती? मी डोक्यावरचा पदर मागे सारला. त्यांच्या तोंडाकडे नीट बघितलं. या वेळी कोणी हसणार नव्हतं. अंगणही ओलांडायचं नव्हतं.

"हो," मी म्हटलं, "चांगला जळत होता."

"मंग घाई माहीच," ते म्हणाले, आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

मी त्यांच्या पाठीवर पांघरूण घातलं.